फवारणीआधी डॉक्टर

कीटकनाशक नियम, 1971 सांगतात: फवारणाऱ्याची कामाआधी वैद्यकीय तपासणी करा, पुढे दरवर्षी करा, अंगावर संरक्षक कपडे द्या. वाचूनच तब्येत सुधारते. 2017च्या खरिपात यवतमाळात पऱ्हाटी डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, फवारा उलटून अंगावर. वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. मग शोध लागला, त्यांनी मास्क लावला नव्हता! सप्टेंबरच्या उकाड्यात, चिखलात, रोजावर, प्लास्टिकचा कोट चढवून फवारायचं म्हणे. (कोट कोणी द्यायचा, हे विचारू नये.) 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली सुरक्षिततेची साधारणपणे दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागते. वावरात पंपवाले दोनच असतात.