अप्पांचा सत्कार आणि आमचा रविवार

श्टुटगार्ट,
रविवार, दुपार

ती. आई आणि अप्पा यांना


कुकरची पहिली शिट्टी झाली आहे. उरलेल्या व्हायच्या आत जेवढं लिहून होईल तेवढं लिहिते, मग रमाला जेवू घालून पुढचं.

अप्पा, परवा तुमचा फोन आला तेव्हा तिकडे साडेअकरा वाजले असतील. वडीगोद्रीहून एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. निखिलने तर हातातलं लाटणं खाली ठेवलं. आणि तुम्ही काय म्हणालात? "तुझी आई काई ऐकंना बग. तिनं माझा सत्कार कापला."

सत्कार म्हणजे रिटायर झाल्यावर शाळेने दिलेली मरून शाल, हे कळेपर्यंत आमच्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं. अप्पा, राग मानू नका, पण त्या कपाटात तुमचे सत्कार किती आहेत हे तुम्हाला तरी सांगता येईल का? निवृत्तीचा, ग्रामपंचायतीचा, पतसंस्थेचा, सप्त्यातला, आणि बाळूदादाच्या रसवंतीच्या उद्घाटनाला आमदार आले नाहीत म्हणून त्यांच्यासाठी आणलेली शाल तुमच्या अंगावर घातली, तो. सगळे डांबराच्या गोळ्या घालून घडी करून ठेवलेले. माणसाचा सत्कार झाला की शालीचं काम संपतं, असं तुमच्या पिढीतल्या सगळ्याच गुरुजींना वाटतं. आईला तसं वाटत नाही, एवढाच तुमच्या दोघांतला वाद.

तर तुमचा सत्कार सुखरूप पोचला. अंकुशनगरचा जो पोरगा इथे शिकायला आलाय, त्याने स्वतःचे दोन स्वेटर घरी ठेवून आईचं गाठोडं आणलं, असं तोच सांगत होता. जाकीट रमाला अगदी बेतून बसलं. आई, व्हिडिओ कॉलवर माप घेऊन असं कसं शिवलंस ग? बाहेरून दादाची जीन्स, आतून शाल, कॉलरला शालीचाच जरीकाठ. काखेत चौबगला लावलास, त्यामुळे पोरीने हात वर केला तरी जाकीट वर चढत नाही. बाहीत चार बोटं दुमड ठेवलीस, वाढत्या अंगाचं. आणि चेन! ती ओढल्याबरोबर मी ओळखली. अप्पांच्या इलेक्शन ड्यूटीच्या रेक्झिनच्या बॅगेची. अप्पा, बॅग कापली हे तुम्हाला अजून कळलेलं दिसत नाही. आता कळलं.

बालवाडीतल्या बाईंनी रमाला विचारलं, कुठून घेतलं एवढं छान जाकीट? रमा तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबांना बक्षीस मिळालं होतं, ते आजीने कात्रीने कापलं." संध्याकाळी बाई मला बाजूला घेऊन हळूच विचारत होत्या, घरी सगळं ठीक आहे ना?

बाकीच्या वस्तूंची पोच: क्रोशाचं तोरण मिळालं. युरियाच्या पोत्याच्या पिशव्या मिळाल्या. अहेरातल्या ब्लाऊजपीसच्या उशा मिळाल्या. गावभर वीस वर्षं फिरणारे ते ब्लाऊजपीस तू जर्मनीला पाठवून एकदाचे थांबवलेस, हे फार बरं केलंस. आणि कुंची मिळाली. रमा पाच वर्षांची झाली, तिच्या डोक्याला ती काही बसत नाही, म्हणजे कुंची कुणासाठी, ते समजलं. तुझा निरोप पोचला, इतकंच सांगते. सध्या निखिलने ती चहाच्या किटलीला घातली आहे. चहा छान गरम राहतो.

(शिट्ट्या झाल्या. आलेच.)

जेवणं झाली. आता खरं तर मशिनवर बसायला हवं होतं, रमाच्या गादीची खोळ अर्धी शिवून पडली आहे. पण आज रविवार. आई, तू दर वेळी विचारतेस ना, "सुट्टीच्या दिवशी तर शिवायला बसत जा," म्हणून नीट समजावून सांगते. इथे रविवारी आवाज करायचा नाही. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेसाठीच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण टाकताना खळ्ळ होतं. दुकानं बंद. शनिवारी रात्री बॉबिनमधला दोरा संपला तर सोमवारपर्यंत हात जोडून बसायचं. अप्पा, तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते: हे यांच्या राज्यघटनेत आहे. 1919 च्या घटनेतलं कलम 139 त्यांनी 1949 च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं. रविवार आणि सणाचे दिवस हे विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे. मनाची उन्नती! आपल्याकडे घटनेने मूलभूत हक्क दिले, यांच्याकडे वामकुक्षी दिली.

आता मशिनचं नाव काही घटनेत नाही. ते खालच्या मजल्यावरच्या आजींच्या मनात आहे. पहिल्या रविवारी दारावर चिठ्ठी आली, सुंदर अक्षरात, की वरून काहीतरी घरघरतं, बहुधा यंत्र बिघडलं असावं, तरी सोमवारी दुरुस्त करून घ्यावं. तू सांगितलंस तशी मशिनखाली जुनी गोधडी चौघडी करून घातली. आजींनी जिन्यात थांबवून आभार मानले, म्हणाल्या, आता फार कमी ऐकू येतं. मी खूश. पुढे म्हणाल्या, पण येतं.

मला आपलं घर आठवलं. रात्रभर धुळे-सोलापूर रोडवरच्या ट्रका, कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांच्यावरची गाणी, पहाटे देवळातला भोंगा, आणि त्या सगळ्यात रात्री बाराला तुझं पायडल. आम्ही दोघं भावंडं त्या आवाजात झोपायचो. आवाज थांबला की जाग यायची आणि तू म्हणायचीस, "झोपा रे, दोरा तुटलाय नुसता." इथे इतकं शांत असतं की पहिले कितीतरी दिवस मला झोपच लागायची नाही.

म्हणून रविवारी क्रोशा. त्याला आवाज नाही, त्यावर घटनेची हरकत नाही. तुझ्या तोरणाचं फूल बघून बघून उतरवलं: सहा साखळ्या गोल जोडायच्या, त्यात बारा खांब, मग पाकळीला मुका खांब, अर्धा, खांब आणि पुन्हा उतरत मुका. पण तुझी पाकळी उभी राहते आणि माझी मान टाकते. दोरा कितीचा आहे ते कळव. आणि मंदाकाकूंनी तेच तोरण गणपतीत स्वतःचं म्हणून दाखवलं, यावर एवढा त्रागा करू नकोस. नक्कल त्याचीच होते ज्यात काही असतं. त्यांच्या पाकळ्या तर माझ्याहून मान टाकतात, फोटो झूम करून पाहिला मी.

(थांब जरा. या आठवड्याला जिन्याची पाळी आमची. दारावर पाटी लटकवून जातात आणि सगळी बिल्डिंग बघत असते. झाडून येते. झाडूला आवाज नसतो, तो रविवारीही चालतो.)

आले. आता इथल्या शिवणाच्या दरांचं सांगते, म्हणजे अप्पांना आईची किंमत कळेल. निखिलची पॅन्ट खालून दोन इंच कमी करून घ्यायची होती. मशिनची सुई मोडलेली, म्हणून म्हटलं, एकदा बाहेर देऊ. बाईंनी टाचण्या लावल्या, पावती दिली, मंगळवारी या म्हणाल्या. पंधरा युरो. आई, दीड हजार रुपये! नुसत्या दुमडून मारलेल्या टिपेचे. पॅन्ट सेलमध्ये वीसला घेतली होती. त्याच दुकानात जाकिटाची चेन बदलायचा दर विचारला तर तीस युरोच्या पुढे. निखिल म्हणाला, त्यापेक्षा नवीन घेऊ. इथे सगळे हेच म्हणतात, आणि मग जुनं जातं कुठे? तर रस्त्याच्या कडेला कपड्यांच्या मोठाल्या पेट्या असतात, त्यात. 1 जानेवारी 2025 पासून सगळ्या युरोपात कापड वेगळं गोळा करायचा नियमच झाला. त्यावर इथे केवढा घोळ! फाटके मोजे कुठे टाकायचे, यावर लोक गंभीर चर्चा करायला लागले. शेवटी सरकारला सांगावं लागलं की फाटकं, मळकं कापड साध्या कचऱ्यातच टाका. तू असतीस तर त्या पेटीपाशी खुर्ची टाकून बसली असतीस आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं असतंस, "कामून फेकायलेत? बघू बरं."

पेटीतलं काढणं इथे चोरी धरतात, पण लोक घराबाहेर खोकी ठेवतात, 'घेऊन जा' असं लिहून. त्यातून मी जाड पडदे आणले. निखिल चार पावलं पुढे चालत होता, आपली ओळख नाही असा. आता त्याच पडद्याच्या पिशवीतून डबा नेतो ऑफिसला.

आणि हो, मागच्या महिन्यात रमाला घेऊन गीन्गेनला गेलो होतो. तिथल्या मार्गारेटे श्टाइफ यांची गोष्ट तुझ्यासाठी लक्षात ठेवली. 1847 चा जन्म. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, उजव्या हातात जोर नाही. शिवण शिकल्या, मशिन घेतली, पण मशिनचं चाक उजवीकडे. मग काय केलं? मशिनच उलटी फिरवून ठेवली आणि चाक डाव्या हाताने फिरवलं! 1880 च्या सुमाराला नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला, टाचण्या टोचून ठेवायला. घरोघरच्या पोरांनी टाचण्या काढून टाकल्या आणि हत्ती पळवले. त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला, 1902 मध्ये त्यांच्या भाच्याने अस्वल काढलं आणि ते जगभर गेलं. संग्रहालयात तो हत्ती बघताना मला दादाच्या बनियनचा तुझा हत्ती आठवला. आम्ही त्याला किती वर्षं ससा समजत होतो! सोंड वर शिवली असतीस तर आपलाही कारखाना असता.

सुयांचंही ऐक. इथून जवळच आल्बश्टाट म्हणून गाव आहे, तिथे 1852 पासून सुया होतात. त्याच कंपनीचा चंदीगडलाही कारखाना आहे. अंबडहून आणलेल्या सुईचं पाकीट बघ एकदा, ग्रोत्स-बेकर्ट लिहिलं असेल तर माहेर इकडचं.

गोधडीविषयी सगळ्यात शेवटी लिहायचं ठरवलं होतं, कारण लिहायला घेतलं की हात थांबतो. रमा रोज रात्री एकेका तुकड्यावर बोट ठेवते, मी नाव सांगते. ही आजीची इरकल, ही मामीची हळदीची साडी, हा मामाचा शाळेचा शर्ट, हे माझं दहावीच्या निरोपाचं पंजाबी. एक तुकडा मला ओळखू येत नाही. पिवळा, त्यावर तपकिरी ठिपके, डाव्या कोपऱ्यात, तीनदा धावदोरा घातलेला. माझ्या आज्जीच्या लुगड्याचा तर नाही? असेल तर फोनवर सांगू नकोस, लिहून कळव. मी रमाला तो दाखवायचा टाळते, उगाच. 2024 च्या जूनमध्ये उपोषणामुळे आपलं गाव दिवसभर टीव्हीवर होतं, तेव्हाही मन असंच घरात अडकलं होतं. निखिल बातमी ऐकत होता आणि मी, कॅमेरा जरा डावीकडे वळला तर आपली वाळत घातलेली चादर दिसेल का, ते बघत होते.

असो. आई, अप्पा म्हणतात, घरातलं फाटकं संपलं म्हणून तू आता धडक्या कपड्यांना हात घालायलीस. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुई ओवायला त्यांना बसवतेस, हेही कळलं. रोज फोनवर तू विचारतेस, "तुमच्याकडं काय फाटलंय का?" आणि मी म्हणते, काही नाही, सगळं मजेत. तर आता घे यादी: निखिलच्या सायकलच्या सीटला खोळ, युरियाच्या पोत्याची लॅपटॉपची पिशवी (ऑफिसातल्या दोघांनी मागितली आहे, पोत्यावरची अक्षरं बाहेरून हवीत), रमाला दुसरं जाकीट, एक बोट मोठं. पैठणीला मात्र हात लावायचा नाही. ती नारळी काठाची पैठणी माझी आहे, हे अप्पांसमोर ठरलंय. अप्पा, 26 जानेवारीला शाळेत बोलावलं तर जाच, आणि रंग आधी विचारून घ्या. रमाला निळा हवा आहे.

मामाच्या मोसंबीला भाव मिळाला का? दादाला म्हणावं, वहिनीला नवी इलेक्ट्रिक मशिन घेतलीस, छान केलंस. आता आईच्या जुन्या मशिनला भंगारवाल्याची नजर लागू देऊ नकोस. वहिनीला सांग, नव्या मशिनवर पिको करायला लाग, गावात गिऱ्हाईक कमी नाही.

तुम्ही दोघं तब्येतीला जपा. रमाचा पापा. निखिलचा नमस्कार.

तुमची
छकुली

ता. क. आई, मंदाकाकूंच्या सुनेचं नेमकं काय झालं? फोन स्पीकरवर असतो आणि तू तिच्या नावापर्यंत आलीस की अप्पा खाकरतात. दुपारी ते बँकेत गेले की सविस्तर लिही. दोन पानं झाली तरी चालेल.