चांदोबाच्या लिंबावरचा भुंगा

लोणंदहून पालखी हलली की माउलींचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला. अश्व धावतो, टाळ वाजतात आणि वर भुंगा घरघरतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. आमचा लग्नाचा व्हिडिओवाला तेवढंच वाचून थांबलाय. "दादा, आपलं २४९ ग्रॅमचं!" म्हणजे डोक्यात पडलं तर टेंगूळ कायदेशीर. घोडा बुजला तर त्याला वजनाची पावती कोण दाखवणार? विनापरवानगी उडवता येणाऱ्या हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा १२० मीटरची. हा पठ्ठ्या फेट्यांवरून वीतभर उंचीनं जातो, तेव्हा नियम पाळतोच म्हणायचा. बॅटरी संपत आली की यंत्र आपसूक घरी परततं म्हणे. गेल्या खेपेला त्याला घर कांद्याच्या वखारीत सापडलं.