कांचनाचं खोटं सोनं

वर्षातले ३६४ दिवस आपट्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वाकडंतिकडं खोड, खरखरीत काळपट साल, आणि फुलं आली तरी फिकट, बारीक, जणू पाहुण्यांसमोर यायला लाजणारी. मग आश्विनातल्या एका सकाळी, दसऱ्याला, हा गरीब नातेवाईक एकाएकी गर्भश्रीमंत होतो. चौकात झेंडूच्या राशीशेजारी त्याच्या जुड्या लागतात आणि आपण चक्क सोन्याचा भाव करतो, "वीसला दोन दे की गं!" कुबेराने कौत्सासाठी मोहरांचा पाऊस पाडला तेव्हा कुणी अशी घासाघीस केल्याचं दसऱ्याच्या कथेत तरी नाही.

गंमत पुढेच आहे. त्या जुडीत पुष्कळदा आपटा नसतोच, त्याचा भाऊबंद कांचन असतो. आपट्याचं पान बुटकं, चिवट, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं ऐसपैस आणि मऊ. आमचे आजोबा आलेलं प्रत्येक पान अंगठ्याखाली चोळून बघत आणि कसोटी लावलेल्या सराफाच्या गांभीर्याने म्हणत, "खोटं आहे." पान हेच सोनं, हे एकदा मान्य केल्यावर त्यातही खोटं-खरं! आणि खोटं ठरायचं कोण, तर ज्याच्या नावाचा अर्थच सोनं तो. नावात नुसती आपटाआपटी असलेला मात्र अस्सल.

दोघांच्या पानाची घडण मात्र सारखीच, एका देठावर दोन पाळ्या. एक व्हावं की दोन, हे अर्ध्यावर ठरवायचं राहून गेल्यासारखं. त्यांच्या प्रजातीला बाउहिनिया म्हणतात, जोहान आणि कास्पर बाउहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून. लिनियसला या जोडपाळ्यांत ते दोघे भाऊ दिसले. भावाभावांच्या एकोप्याचा असा दाखला देणाऱ्याने आमच्याकडच्या वाटण्या पाहिल्या नसणार, एवढं नक्की. तिकडे हाँगकाँगने या कुळातल्या एका संकरित झाडाचं फूल नाण्यांवर आणलं, १९९७ पासून झेंड्यावरही फडकवलं. त्या झाडाला शेंग धरत नाही, कलमांवरच त्याचा वंश चालतो. तिथे पैशावर कांचन, इथे कांचनाचा पैसा.

आजोबा गेल्यानंतरच्या एका दसऱ्याला मी घाईघाईत जुडी आणली. आजीला तेव्हा दिसत नव्हतं. मी पाया पडून तिच्या हातात सोनं ठेवलं. तिने पान चोळलं नाही, नुसतं दोन बोटांत धरून पाळ्यांमधल्या खाचेवरून नख फिरवलं. मी चोरासारखा उभा. "कांचन दिसतोय," ती म्हणाली. मग जरा थांबून, पलीकडच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे मान वळवत हळूच म्हणाली, "असू दे. आज बोलायला कोण आहे?" आणि पान उशीखाली सरकवलं. थोड्या वेळाने शेजारची पोरं सोनं वाटायला आली, तेव्हा तिने तेच पान काढून त्यातल्या धाकट्याच्या मुठीत दिलं आणि अगदी सराफी आवाजात बजावलं, "जपून ने हो, खरं आहे."