तांदळात प्लास्टिक, गव्हात काय?

"मॅडम, ओ मॅडम! या न जरा इकडे. आता तरी पटते का तुमाले, पाहा!"

वॉलकंपाउंडच्या पलीकडून मावशींची अशी हाक आली की गॅस बारीक करून जावंच लागतं. खामगावच्या आमच्या गल्लीतली ही भिंत कमरेएवढीच आहे. उंच करायचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा मावशींनीच हाणून पाडला.

त्यांच्या पुढ्यात सूप होतं, सुपात रेशनचा तांदूळ. त्यातला एक दाणा चिमटीत धरून त्यांनी माझ्या चष्म्यासमोर आणला. बाकीच्यांपेक्षा जरा पिवळट, जास्तच गुळगुळीत, मापाने कापल्यासारखा.

"प्लास्टिक," मावशी म्हणाल्या. "एवढे निवडून ठेवले." शेजारी वाटीत तसलेच दहापंधरा दाणे.

"कोणी सांगितलं प्लास्टिक म्हणून?"

"नातवाच्या मोबाइलमधी दाखवलं न. एका मानसानं भाताचा गोया केला अन् भितीवर फेकला, तं टप्पा खाऊन परत आला. तुमी सायन्सच्या मॅडम, तुमीच सांगा, भात कवा उडते काय?"

"उडतो की. शिजलेल्या भातातला स्टार्च चिकट असतो. घट्ट गोळा वळला की उसळतो. तुमच्या आंबेमोहोराचाही उसळेल. आणि मावशी, जो तांदूळ सरकार फुकट वाटतं, त्यात तांदळाहून महागाचं प्लास्टिक मिसळून कोणाचं भलं होणार? भेसळ करणारा माणूस चोर असेल, येडा नसतो."

हे त्यांना थोडं पटलं. व्यवहार त्यांना शास्त्राच्या आधी पटतो, आणि त्यात चूक काही नाही.

मग मी सांगितलं ते असं. तो दाणा तांदळाचाच आहे, फक्त शेतात तयार झालेला नाही. तांदूळ दळतात, त्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालतात, आणि ते भिजलेलं पीठ शेवेच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून तांदळाएवढे तुकडे पाडतात. असे दाणे साध्या तांदळात शंभराला एक या हिशोबाने मिसळतात. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं आणि 2024 पर्यंत रेशन, अंगणवाडी, शाळेची खिचडी, सगळीकडे हाच तांदूळ आला. बाया-पोरींच्या अंगात रक्त कमी, म्हणून हा उपद्व्याप.

"म्हंजे मी निवडून फेकून राह्यली थे औषध हाय?"

"औषध नाही, पण फेकायचं नाही तेच नेमकं तुम्ही फेकताय."

मावशी गप्प बसल्या, पण वाटीतले दाणे सुपात परत टाकले नाहीत. म्हणून मी घरातून बेटाडीनची बाटली आणली. दोन दाणे पाण्यात भिजवून त्यांच्याच पाट्यावर वरवंट्याने चेचले, वरून एक थेंब सोडला. तपकिरी थेंब बघता बघता निळाकाळा झाला. शेजारी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून ठेवला होता, त्यावरचा थेंब तपकिरीच राहिला. बेटाडीनमधलं आयोडीन स्टार्चला भेटलं की निळं होतं. सातवी-आठवीच्या पोरांना मी हा प्रयोग बटाट्यावर करून दाखवत असे, तेव्हा पोरं मागच्या बाकावर काय करत असत ते सोडा.

मावशींनी पाट्यावर वाकून बघितलं, बोटाने तो निळा डाग पुसला, आणि मग मला विचारलं ते खरं विचारण्यासारखं होतं.

"मंग हे दुकानदारानं काहून नाही सांगितलं आमाले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोत्यावर छापलेलं असतं, निळं अधिकचं चिन्ह आणि पुढे एफ. पण पोतं दुकानात राहतं. मावशी पिशवी पुढे करतात, दुकानदार काट्यावर माणशी 5 किलोचा हिशोब करतो, अंगठा घेतो, पिशवीत ओततो. ती अक्षरं काही पिशवीत उतरत नाहीत. बरं, नुसतं चिन्हच नव्हतं. लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या पेशंटसाठी इशारा छापायचा नियम होता. आपल्या विदर्भात, मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत, सिकलसेल काही अनोळखी नाही. पुढे केंद्राने तज्ज्ञांची समिती बसवली, तिने या तांदळाचा त्यांनाही धोका नाही असं सांगितलं आणि तो इशारा काढण्यात आला. ठीक. पण जेव्हा होता तेव्हाही पोत्यावरच होता आणि काढला तेव्हाही पोत्यावरूनच. सुट्टं धान्य घेणाऱ्याला दोन्हीचा पत्ता नाही. न सांगता ताटात काही घातलं तर माणूस प्लास्टिकच म्हणणार. मावशींना मी अडाणी म्हणायला तयार नाही.

एवढ्यात समोरच्या वहिनी बादली घेऊन आल्या. नळाला पाणी आलं नव्हतं, पण बादली हातात असली की गप्पा मारायला आलो असं दिसत नाही.

"काय चाललं सकाळी सकाळी?"

"मॅडम प्लास्टिकचा तांदूय शिजवून राह्यल्या," मावशी म्हणाल्या. त्यांची बाजू बदलली होती, फक्त कबूल करायचं नव्हतं.

"तांदळाचं सोडा हो. आमच्या भाचीचं मोडलं."

"काय मोडलं?"

"जमत आलेलं. मुलगा शेगावकडचा, नोकरीवर, सगळं बघून झालं होतं. याद्या करायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तर आमच्या भावजयीने काढलं की त्या गावात केस गेले होते लोकांचे. पोरीला तिकडे द्यायची नाही."

"अन् पोराचे हायत का केस?"

"भरपूर! पण म्हणे पुढे पोरं-बाळं..."

जानेवारी 2025 मधली ती गोष्ट. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसं झोपून उठायची तर उशीला केस. हात फिरवला की मुठीत केस. तीन-चार दिवसांत डोकं साफ. बाया, कॉलेजातल्या पोरी, म्हातारे, कोणालाच सोडलं नाही. शेवटी आकडा अठरा गावांत 279 च्या घरात गेला. न्हावी हात लावायला तयार नाहीत, पाहुणे यायचे थांबले, अशा बातम्या तेव्हा रोज येत होत्या. मे महिना उजाडेपर्यंत बऱ्याच जणांचे केस पुन्हा आले, पण सोयरिकी अडतच राहिल्या. मधल्या काळात त्याच लोकांची नखंही गळायला लागल्याची बातमी आली, म्हणजे भावजयीला आणखी जोर.

"तेव्हा काय काय नाही ऐकलं!" वहिनी म्हणाल्या. "आधी शाम्पू."

शाम्पूचं कारण एका दिवसात बाद झालं. केस गेलेल्यांत जन्मात शाम्पू न लावलेल्या म्हाताऱ्याही होत्या. मग बुरशी. मग 'टक्कल व्हायरस'. हे नाव कोणी ठेवलं त्याला बोलवून विचारायला पाहिजे, कारण व्हायरस म्हटल्याबरोबर न्हाव्याने कात्री खाली ठेवली. मग पाणी. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार भरपूर निघाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं की सापडलं एकदाचं. पण अहो, हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. पाणी खारटच. आजे-पणजे तेच पाणी पिऊन केसांसकट गेले. मग याच डिसेंबर-जानेवारीत पाण्याला काय सुचलं?

"आमचे हे तर टॉवरवर अडून बसले होते," वहिनी म्हणाल्या. "फाइव्ह-जी. म्हणे जुही चावलानं तं केसच टाकली होती."

"टाकली होती. 2021 मध्ये, दिल्ली हायकोर्टात. सुनावणी ऑनलाइन होती, आणि कोणीतरी मध्येच घुसून तिच्या सिनेमातली गाणी म्हणायला लागला. कोर्टाने दावा फेटाळला आणि 20 लाखांचा दंड ठोकला. पुढे तो 2 लाखांवर आणला. हे भाऊंना सांगितलं का कोणी?"

"दंडाचं नाही सांगितलं. गान्याचं माहीत हाय त्यांना."

मावशी इतका वेळ तांदूळ पाखडत होत्या. त्या थांबल्या. "मंग केस गेले काहून, थे सांगा न."

"त्यावर महाडचे डॉक्टर बावस्कर आले होते."

"थे इच्चूचे डॉक्टर?"

तेच. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावला की माणूस जायचा, तिथे ब्लडप्रेशरचं प्राझोसिन वापरून त्यांनी माणसं वाचवली, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. तर हा माणूस या वयात महाडहून उठून इकडे आला, लोकांना भेटला, घरातला रेशनचा गहू घेतला, लोकांचं रक्त, लघवी, केस तपासले. फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं की हे सेलेनियम आहे. केस गेलेल्यांच्या रक्तात ते 35 पट, लघवीत 60 पट, केसांत 150 पट जास्त. जस्त कमी पडलेलं. आणि गव्हात किलोला 14.52 मिलिग्रॅम, आपल्याकडच्या गव्हाच्या 600 पट. हा गहू पंजाबकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं.

"धुतला असता तं?" मावशींचा पहिला प्रश्न. बाईने आयुष्यभर धान्य धुऊन वाळवून दळायला दिलं आहे.

"त्यांनी धुऊनही बघितला. 13.61. दाण्यावर बसलेलं असतं तर गेलं असतं. ते दाण्याच्या आतच मुरलेलं."

मी भिंतीवरच खडूने हिशोब मांडला. दिवसाला 200 ग्रॅम कणीक, म्हणजे माणसाच्या सहा-सात पोळ्या. त्यातून साधारण 2.7 मिलिग्रॅम सेलेनियम, 2700 मायक्रोग्रॅम. शरीराला ते लागतं, पण रोज पन्नासेक मायक्रोग्रॅम. 400 च्या वर जाऊ नये म्हणतात. म्हणजे इथे जवळपास सात पट, तेही नुसत्या पोळ्यांतून. जास्त झालं की पहिली झळ केसांना आणि नखांना. पंजाबात होशियारपूर, नवांशहरच्या पट्ट्यात शिवालिक डोंगरावरून वाहून आलेल्या मातीत सेलेनियम आहे, हे तिकडच्या शेतीशास्त्रज्ञांना काही दशकांपासून माहीत आहे. तिथल्या म्हशींचे केस झडले, खूर गळाले, त्यावरून ध्यानात आलं. म्हशींचं कळायला विद्यापीठ होतं. आपल्या माणसांचं कळायला महाडहून डॉक्टर यावा लागला, याचा मला राग येतो. दिल्लीपर्यंतची पथकं आली होती, नमुने गेले होते, सगळं झालं होतं. पण तोवर गावाला 'व्हायरस' चिकटून गेला होता.

"म्हणजे भाचीच्या सासरचं काही आनुवंशिक नाही?"

"वहिनी, सोयरिकीच्या घरचे केस बघू नका. त्यांच्या घरात गहू कुठला येतो ते विचारा. पोटात गेलं ते बाहेर पडतं, केस परत येतात, आलेही. तुमच्या भावजयीला माझ्याकडे पाठवा."

"ती नाही ऐकायची. तिला बुवाने सांगितलंय."

"बुवाले केस हायत का?" मावशी.

मावशींचं डोकं मात्र वेगळीकडेच चाललं होतं. त्यांनी सूप बाजूला सारलं. "मॅडम, म्हंजे बरोबर पाहा. तांदयात दाना दिसला म्हून गावभर बोंब. थ्यात होतं औषध. अन् गहू दिसाले चांगला, टपोरा. थ्याले कोनी नाव नाही ठेवलं. थ्यात होतं इख."

मी हेच सांगायला अर्धा तास घेतला असता. डोळ्याला वेगळा दिसला त्या दाण्याला आपण फैलावर घेतलं. न दिसणारं सुपातून, चाळणीतून, चक्कीतून आरामात ताटात आलं. मोबाइलवर चेंडू उडवता येतो, सेलेनियम कसं दाखवणार? त्याला यंत्र लागतं, पैसे लागतात, आणि बावस्करांसारखं पदरमोड करून पाठीशी लागणारं माणूस लागतं.

"पण आमी तं रेशनचा गहू खातच नाही," मावशी निवांत होत म्हणाल्या. "तांदूय ठेवतो. गहू थो टेम्पोवाला येते न, त्याले देतो. कुरडयाले अन् पोयीले लोकवन आनतो."

"मावशी, रेशनचा गहू विकायचा नसतो."

"मालूम हाय. सगयेच देतात. तुमी नका बोलू कोनापाशी."

"आणि तो टेम्पोवाला कुठे नेतो?" वहिनींनी विचारलं.

"नेत असंन मिलवर. मैदा करतात, रवा करतात. टोस-बटर, खारी, थ्याच्यातच जाते सारं."

वहिनींनी बादली खाली ठेवली. "आमच्याकडे रोज सकाळी चहासंगं टोस्ट असतात. हे तर सहा खातात."

"भाऊचं तं आधीच झालं," मावशी म्हणाल्या, "तुमचं पाहू." आणि त्यांनी भिंतीवरून हात लांबवून वहिनींची वेणी धरून चांगली हिसडली. वहिनी ओरडल्या. मावशींनी हात उघडून पाहिला, मला दाखवला.

"पक्की हाय."