मुहूर्ताची परीक्षा

आयआयएम प्रवेशाची कॅट परीक्षा १२० मिनिटांची. तिच्या नियोजनाला मात्र अख्खं वर्ष अपुरं पडतं. बालाघाट असो की गोंदिया, पहाटेचा गजर, रंगीत तक्ता, उजळणीचे रविवार हे सगळं आधी भिंतीवर लागतं. गणिताचं पुस्तक मागाहून उघडतं. नियोजनाशिवाय तयारी भरकटते, हा आक्षेप खराच. पेपरात तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटं बांधून दिलेली. एकाची उरलेली मिनिटं दुसऱ्याला देता येत नाहीत आणि बहुपर्यायी उत्तर चुकलं की एक गुण जातो. तेव्हा वेळेचा हिशेब यायलाच हवा. पण तो प्रश्न सोडवून येतो, चौकटी रंगवून नव्हे. बालाघाटजवळच्या भरवेलीत खाणीचीही आखणी होतेच. टनांत मोजतात ते मात्र मँगनीज.

शिवाय अनेक आयआयएम निवडीत दहावी-बारावीचे गुणही धरतात. म्हणजे नियोजनाचा खरा मुहूर्त पंधरा-सोळाव्या वर्षीच टळून गेलेला. मग आता हाती काय उरलं, असं कुणी विचारेल. उरतो तो नुसता अभ्यास. आणि त्यात चारचौघांना दाखवण्याजोगं काही नसल्यानं तो नेहमी पुढल्या सोमवारपासून सुरू होतो.