जामदारखान्याच्या किल्ल्या

अमेरिकी कादंबरीकार जोनाथन फ्रँझन यांनी आपल्या लॅपटॉपचं नाक कसं दाबलं, ते २०१० साली ‘टाइम’ साप्ताहिकात छापून आलं होतं. आधी त्यांनी वाय-फायचं कार्ड काढून टाकलं. मग इंटरनेटची केबल खुपसायचं भोक तेवढं उरलं. त्यात सुपरग्लू लावून केबल घुसवली आणि तिचं डोकं करवतीनं उडवलं. ‘हार्ट्‌स’ आणि ‘सॉलिटेअर’ हे पत्त्यांचे खेळ तर आधीच मुळासकट उपटले होते. लॅपटॉप जुनाट आणि जडशीळ. दुरुस्तीवाल्याकडे नेला असता, तर त्यानं एवढंच विचारलं असतं, ‘लहान मुलं आहेत का घरात?’

लहान मुलं नव्हती. पन्नाशीच्या आसपासचा, पुस्तकांवर नाव कमावलेला एक गृहस्थ होता आणि तो स्वतःच्या भीतीनं हे सारं करत होता.

मजा इथेच आहे. परीक्षेत कॉपी रोखायला पर्यवेक्षक असतो, दुकानात चोरी रोखायला कॅमेरा असतो. इथे कुलूप लावणारा आणि ते फोडणारा एकच इसम. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी निदान चोर एक आणि जामदार दुसरा असं धरलं होतं. सकाळी दहाला निर्धारानं इन्स्टाग्राम बंद करणारा आणि सव्वादहाला ते उघडायची पळवाट शोधणारा, दोघांचं आधार कार्ड एकच असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

या भानगडीचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला, ते थॉमस शेलिंग मुळात अण्वस्त्रांच्या राजकारणाचे अभ्यासक. दोन शत्रुराष्ट्रांनी एकमेकांना धाकात कसं ठेवावं, यावर त्यांनी आयुष्यभर डोकं चालवलं आणि २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेलही मिळवलं. सिगारेट सोडण्याशी स्वतःची झटापट चालू असताना त्यांच्या लक्षात आलं की, असं शीतयुद्ध एकाच माणसाच्या पोटातही चालतं. १९७८ साली त्यांनी त्यावर लेखच लिहिला. रात्री अकराचा माणूस पहाटे पाचचा गजर लावतो, पण पहाटे पाचचा माणूस त्या तहावर सही केल्याचं साफ नाकारतो. म्हणून रात्रीचा माणूस घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो.

शेलिंग यांनी दिलेलं एक उदाहरण मात्र घड्याळाच्या फार पुढचं आहे. डेन्व्हरमधल्या एका कोकेनमुक्ती केंद्रात रुग्ण आपल्याच हातानं कबुलीजबाबाचं पत्र लिहून देत. रुग्ण डॉक्टर असेल, तर पत्राचा पत्ता त्याचा परवाना देणाऱ्या मंडळाचा. तपासणीत पुन्हा कोकेन सापडलं की पत्र टपालात पडणार. याच चालीवर एखाद्यानं ‘मी कार्यालयीन वेळेत रील्स पाहतो’ असं साहेबांच्या नावे लिहून शिपायाकडे ठेवायला हरकत नाही. फक्त तो शिपाई त्या वेळी रील्स पाहत नसावा.

लेखक मंडळी या बाबतीत फार जुनी गुन्हेगार. १८३० साली व्हिक्टर ह्यूगो यांच्यावर ‘नोत्र दाम’च्या कादंबरीची मुदत येऊन ठेपली होती. त्यांच्या पत्नीनं सांगितलेली हकीकत अशी की, त्यांनी शाईची बाटली आणि अंगभर येईल असं राखाडी लोकरीचं वस्त्र विकत आणलं आणि बाहेर जायचे कपडे कुलपात टाकले. कादंबरी १८३१च्या जानेवारीत पुरी झाली आणि शाईही त्याच सुमाराला संपली म्हणतात. आज हा उपाय कुचकामी. जगातला सगळा उनाडपणा आता घरच्या कपड्यांतच होतो.

म्हणून कुलपंही यंत्रातच बसवावी लागली. २००८ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फ्रेड स्टट्झमन या विद्यार्थ्यानं ‘फ्रीडम’ नावाचा प्रोग्राम बनवला. मिनिटं सांगायची, तेवढा वेळ इंटरनेट गुल. मधेच हवं असेल तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा. स्टट्झमन यांच्या पीएचडीचा विषय सोशल मीडियाशीच निगडित होता. विषयाशी इतकं प्रामाणिक राहिलेले संशोधक विरळाच. पुढच्या वर्षी स्टीव्ह लॅम्बर्ट या कलावंताच्या कल्पनेतून मॅकसाठी ‘सेल्फकंट्रोल’ आलं. ते त्याहून कडक. संगणक पुन्हा सुरू करा, प्रोग्रामच उडवून टाका, वेळ संपेपर्यंत फेसबुक उघडायचं नाही म्हणजे नाही. झेडी स्मिथ यांनी २०१२ सालच्या ‘एनडब्ल्यू’ कादंबरीच्या ऋणनिर्देशात ‘फ्रीडम’ आणि ‘सेल्फकंट्रोल’ या दोघांचे आभार मानले आहेत. आपल्याकडे त्या पानावर पत्नी, प्रकाशक आणि मुद्रितशोधक असतात. ज्यानं आपल्याला गप्प बसवलं, त्याचे आभार असतात, पण ते बहुधा पत्नीच्याच खात्यात धरलेले असतात.

अशा काही कुलपांच्या आत डोकावलं तर एक साधी युक्ती दिसते. संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर संगणक त्याचा पत्ता बाहेर विचारायला जातो, पण निघण्यापूर्वी घरातली एक छोटी वही चाळतो. तिचं नाव ‘होस्ट्‌स’ फाइल. त्या वहीत फेसबुकच्या नावापुढे १२७.०.०.१ लिहून ठेवलं की काम झालं. हा आकडा म्हणजे संगणकाचा स्वतःचाच पत्ता. बिचारा संगणक फेसबुक शोधत आपल्याच दारावर थापा मारतो आणि ‘घरी कुणी नाही’ म्हणून परत येतो. वही उघडून ती ओळ खोडायला फार अक्कल लागत नाही, हा त्यातला दोष. एरवी प्रिंटर चालत नाही म्हणून भाच्याला हाक मारणारे काका ही फाइल मात्र मध्यरात्री बिनचूक शोधून काढतात.

आणि खोडायची तरी गरज कुठे पडते? बंदीच्या यादीत चार नावं घातली की पाचवं आपसूक गोड लागायला लागतं. आपल्याकडे एकादशीला भात-पोळी वर्ज्य करून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू आणि वर रताळ्याचा कीस होतो. पोट जसं रिकामं राहत नाही, तसं बोटही राहत नाही. फेसबुक बंद, इन्स्टाग्राम बंद, यूट्यूब बंद अशा कडकडीत उपासाला बसलेला माणूस तासाभरानं विकिपीडियावर जगातल्या बुडालेल्या जहाजांची यादी वाचताना सापडतो. पुढच्या तासाला तो लिंक्डइनवर, दहावीच्या वर्गातला बाकमित्र कुठल्या कंपनीत उपाध्यक्ष झाला ते बघत असतो. हवामान खात्याचं संकेतस्थळ फराळाचं म्हणून चालतंच.

‘लीचब्लॉक’ बनवणाऱ्याला हा स्वभाव पुरता कळलेला दिसतो. फायरफॉक्ससाठी निघालेल्या या जोडणीत सेटिंग बदलायच्या आधी ३२, ६४ किंवा १२८ अक्षरांचा अगम्य मजकूर जसाच्या तसा टंकायची अट घालून घेता येते. दार उघडं असतं, पण आत शिरायला मंगलाष्टकांएवढा वेळ जातो. एक्सकेसीडी या व्यंगचित्रमालिकेचे कर्ते रँडल मन्रो यांनी असाच एक उपाय लिहून ठेवला आहे. त्यांनी संकेतस्थळं बंद न करता प्रत्येक नवं पान उघडायला सुमारे अर्ध्या मिनिटाचा उशीर लावला, आणि तेवढ्यानं ओढ मावळली. प्रस्तुत लेखकाला हे सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. मोहाला आडकाठी केली की तो चवताळतो, रांगेत उभं केलं की कंटाळून घरी जातो. आपल्या कचेऱ्यांनी हे तत्त्व केव्हाच अमलात आणलं आहे, फक्त चुकीच्या कामांसाठी.

मोठ्या कंपन्यांनी मात्र कुलपाचा निव्वळ देखावा केला. २०१८ साली ॲपलनं आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ आणलं. ठरलेली वेळ संपली की पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं आणि त्याखालीच मर्यादा न पाळण्याचं बटण. पंधरा मिनिटांनी आठवण करू की आजच्या दिवसापुरतं विसरू, असं हा पहारेकरी अदबीनं विचारतो. पुढच्या वर्षी त्यात ‘आणखी एक मिनिट’ अशीही सोय झाली. पहाटे आईनं उठवायला यावं आणि उशी नीट करून जावं, तसा प्रकार.

बाकीचे उपाय असेच गमतीचे. ‘फॉरेस्ट’ नावाच्या तैवानी ॲपमध्ये फोन बाजूला ठेवला की पडद्यावर झाड वाढतं आणि हात लावला की मरतं. अमेरिकेत बिस्किटांपासून स्वतःला वाचवायला निघालेला, वेळेच्या कुलपाचा डबा लोकांनी फोन ठेवायला घेतला. तो दहा दिवसांपर्यंत उघडत नाही. येल विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली सुरू केलेल्या ‘स्टिक’ या सेवेत तर पैसेच लावायचे असतात. शब्द मोडला की ते आपल्याला न आवडणाऱ्या संस्थेला जावेत, अशीही सोय आहे. ही सोय निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्रात आली तर काय होईल? विरोधी पक्षाच्या निधीत आपले ५०० रुपये जाणार, एवढ्या धास्तीनं निम्मे व्हॉट्सॲप गट मुके होतील.

हंट ऑलकॉट, मॅथ्यू जेंट्झकाव आणि लेना साँग या अर्थतज्ज्ञांचा २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सोशल मीडियाच्या वापरातला ३१ टक्के भाग स्वतःवर ताबा नसल्यामुळे होतो. स्वतःच मर्यादा घालून घ्यायची सोय दिली, तेव्हा लोकांचा वापर सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. म्हणजे कुलूप अगदीच फुकट जात नाही. पण ताबा नसल्याचे ३१ टक्के वजा केले तर उरलेले ६९ टक्के आपण पूर्ण शुद्धीवर पाहतो, हे जास्त काळजीचं.

शेवटी बरेच जण किल्ली दुसऱ्याच्या हाती देतात. स्क्रीन टाइमचा पासकोड बायकोनं किंवा नवऱ्यानं घालायचा आणि सांगायचा नाही. ही व्यवस्था रात्री जेवणापर्यंत उत्तम चालते.

“अगं, तो कोड सांग जरा.”

“कशाला?”

“बँकेचं काम आहे.”

“बँकेचं ॲप बंद केलेलंच नाही.”

यानंतर गृहस्थ वर्तमानपत्र वाचतात. तंत्रज्ञानाला जमलं नाही ते एका भुवईला जमतं. तो कोड फोडता येईलही, पण तो मागताना होणारा चेहरा लपवता येत नाही.

भुवईचा हाच उपाय अख्ख्या गावानं केला, तो सांगली जिल्ह्यात. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात करोनानंतर शाळा सुरू झाल्या, पण ऑनलाइन वर्गासाठी हातात आलेले मोबाइल मुलांच्या हातातून सुटेनात. सरपंच विजय मोहिते यांनी २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर महिलांची सभा बोलावली आणि भोंगा बसवायचं ठरलं. संध्याकाळी सातला तो वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठपर्यंत. सुरुवातीला गाव हसलं. मग घरोघर फिरून सांगणं, समजावणं सुरू झालं. ना ॲप, ना पासकोड, ना सुपरग्लू. शेजारच्या खिडकीतून मालिकेचं शीर्षकगीत आलं तर गल्लीला ऐकू जाणारच.

आणि सात ते साडेआठ ही मराठी मालिकांची ऐन गर्दीची वेळ. सासवा-सुनांचे पडद्यावरचे तंटे अर्ध्यावर टाकून खऱ्या सासवा-सुना दीड तास गप्प बसल्या, ही गोष्ट पोरांच्या अभ्यासाहून मोठी मानायला हवी. साडेआठला भोंगा दुसऱ्यांदा वाजायचा. तेव्हा मात्र रिमोट शोधायला कुणाला पासकोड लागत नसे.