वीस वाट्यांची गंगाजळी

आमच्या शेजारच्या काकांचं आडनाव वेगळंच आहे, पण गल्लीत सगळे त्यांना ‘फडणीस’ म्हणतात. शिंद्यांनी 1810 साली राजधानी आमच्या उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा दरबारासोबत सगळे हिशेबनीसही गेले आणि वही पुरी व्हायची होती म्हणून एकटे काकाच इथे राहिले, असं वाटावं असा हा माणूस. बँकेत बत्तीस वर्षं कॅशियरच्या खुर्चीत काढली. निवृत्तीनंतर जुळवायला रोकड उरली नाही आणि काकांची झोप गेली. म्हणून 2022 च्या दिवाळीत त्यांनी मोबाइलवर पोकर सुरू केला.

“जुगार?” काकूंनी विचारलं.

“व्यवस्थापन,” काका म्हणाले.

टेबल सगळ्यात खालचं, एक-दोन रुपयांचं. बसताना दोनशे रुपये घेऊन बसायचं. असे वीस वेळा बसता येईल एवढी, म्हणजे चार हजारांची गंगाजळी. ती तीन हजारांच्या खाली गेली की पन्नास पैसे-एक रुपयाच्या टेबलावर उतरायचं. दहा हजार झाल्याशिवाय पाचशे घेऊन बसायच्या टेबलाकडे डोळा वर करून पाहायचं नाही. दिवसात चारशे गेले की फोन देव्हाऱ्यासमोर उलटा. सिंहस्थासाठी क्षिप्रेत नर्मदेचं पाणी आणून सोडतात, पण काकांच्या गंगाजळीत बाहेरून थेंब टाकायला बंदी. ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या पैशांवर 28 टक्के जीएसटी लागला, तेव्हा सगळे खेळाडू हळहळले. काका मात्र प्रसन्न. “मी भरणारच नाही, तर घेतील कशावर?”

खेळताना पाहावं तर काका खेळतच नसत. पानं आली, टाकली. आली, टाकली. एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते, आणि काका पोहे खाणारा माणूस शेवेची वाट पाहतो तसे तिची वाट पाहत. ती आली की समोरचे शहाणे पटापट पत्ते टाकत, कारण दोन तास गप्प बसलेला माणूस एकदम बोलला की काहीतरी आहे हे कुणालाही कळतं. मग काकांना मिळायचे तीन रुपये.

वहीत नुकसानीचे दोन रकाने होते : ‘दैवाधीन’ आणि ‘स्वकृत’. एक्के असूनही हरले तर दैवाधीन. राणी-गुलाम पाहून मोह झाला तर स्वकृत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची जिलबी बंद, नुसते पोहे.

एकदा मी त्यांना ‘मृच्छकटिक’ नाटकातल्या संवाहकाची आठवण करून दिली. याच उज्जयिनीतला मालिश करणारा. दहा सुवर्णं हरला, अड्ड्याच्या मालकाला चुकवायला ओस देवळात शिरला आणि मूर्ती होऊन उभा राहिला. मागावर आलेल्यांनी त्याच्यासमोरच फासे टाकायला घेतले, तेव्हा त्या आवाजाने मूर्तीच खेळायला धावली. काकांनी चष्मा काढला.

“दहा सुवर्णं हरला हे कळलं. घेऊन किती बसला होता?”

“नाटकात नाही तसं.”

“तिथंच चुकतं लोकांचं! पुढे काय झालं त्याचं?”

“वसंतसेनेनं कर्ज फेडलं. तो बौद्ध भिक्षू झाला.”

“निर्णय बरोबर,” काका म्हणाले, “पण थांबायची रेघ फार उशिरा आखली.”

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. गल्लीतली पोरं काकांच्या समाचाराला आली. त्यातल्या एकानं वडिलांना न सांगता काय काय घालवलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकांनी त्याला कोरी वही दिली आणि स्वतःची उघडली. जिंकलेल्यावरचा तीस टक्के कर जाऊन शिल्लक 4,318 रुपये. नफा 318.

काकूंनी बसल्या जागी हिशेब केला. “तीन वर्षं. दिवसाला एकतीस पैसेसुद्धा नाही पडत. फोन चार्ज करायलाच जास्त लागले असतील.”

काकांनी वीजबिलाचा हा मुद्दा खाली मान घालून वहीत नोंदवला.

आता संध्याकाळी दोघं ओसरीवर चिंचोक्यांनी पोकर खेळतात. काकांच्या नियमाप्रमाणे एका बैठकीला एक वाटी. म्हणून त्यांनी आपल्यापाशी वीस वाट्या चिंचोके मोजून ठेवले. काकू एकच वाटी घेऊन बसल्या. नियम समजावून घ्यायला त्यांना वेळ नव्हता, कुकर लावायचा होता. त्यांनी पानं न बघताच अख्खी वाटी पुढे सरकवली.

“अगं, पानं तरी बघ!”

“बघून काय होतंय? तुम्ही तर टाकूनच देणार.”

काकांनी टाकून दिली. पुन्हा टाकली. आठवड्याभरात सतरा वाट्या पलीकडे गेल्या. दर रात्री काका वही घेऊन बसत आणि पेन ‘दैवाधीन’वरून ‘स्वकृत’वर, ‘स्वकृत’वरून ‘दैवाधीन’वर फिरत राही. बत्तीस वर्षांत असली अडचण आली नव्हती.

परवा मी डोकावलो, तेव्हा वही जुळली होती आणि काका शांत झोपले होते. पट्टीने रेघ मारून त्यांनी तिसरा रकाना पाडला होता : ‘घरखर्च’.